नवस बापाचा, जन्म लेकीचा

मराठी कादंबरीचा आरंभ एका स्त्रीच्या सुटकेपासून झाला, ही गोष्ट आपल्या वाचकांपैकी पुष्कळांच्या ध्यानी नसेल. बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली प्रसिद्ध झाले. मराठीतील पहिली सामाजिक कादंबरी म्हणून तिचा उल्लेख होतो. बेळगावात जन्मलेल्या आणि १८५४ साली ख्रिस्ती झालेल्या ह्या लेखकाने विधवांचा कोंडमारा आपल्या नायिकेच्या डोळ्यांनी पाहिला आणि अखेरीस तिला पुनर्विवाहाच्या वाटेने त्यातून बाहेर काढले. त्यानंतर सुमारे सव्वाशे वर्षांनी, १९८५ साली, राजन गवस यांची ‘चौंडकं’ ही कादंबरी आली. यल्लम्माला सोडलेल्या मुलीची, म्हणजे जोगतिणीची, ही कहाणी. पुढे १९८८ साली त्यांनीच ‘भंडारभोग’मध्ये देवाला सोडलेल्या पुरुषाची, जोगत्याची, व्यथा मांडली. ही पुस्तके वाचताना जीव गुदमरतो, अशी तक्रार काही वाचक करतात. ती खरी आहे. परंतु त्यांतला काळोख कादंबरीकाराने बाहेरून आणलेला नाही. तो आपल्याच गावांत, आपल्याच यात्रांच्या वाटेवर शतकानुशतके साचत आला आहे.

ह्या लेखात आम्हांस कादंबऱ्यांची समीक्षा करावयाची नाही. त्यांच्यामागे जो इतिहास आहे त्याकडे वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे. लहानपणी देवाच्या नावाने बांधल्या गेलेल्या, त्या बंधनातच आई झालेल्या, आणि आपल्या पोराला कडेवर घेऊन बाहेर पडू पाहणाऱ्या तरुण स्त्रियांचा हा इतिहास आहे. त्यांना बाहेर पडता येण्यासाठी काय काय लागले आणि किती काळ लागला, हे पाहिले म्हणजे आपल्यालाही काही शिकण्यासारखे हाती लागते, असा आमचा विश्वास आहे.

किल्लारीच्या आसपास

किल्लारी हे नाव महाराष्ट्राला ठाऊक झाले ते ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे. गणेशविसर्जन आटोपून लोक नुकतेच निजले होते. ३ वाजून ५६ मिनिटांनी धरणी हादरली आणि किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी, होळी अशी गावेच्या गावे जमीनदोस्त झाली. सुमारे आठ हजार माणसे गेली. धक्का मोठा होता हे खरे. पण एवढी माणसे गेली ती घरांमुळे. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि माथ्यावर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारे तेच घर त्या पहाटे थडगे झाले.

अशा वेळी माणसाचे मन एक प्रश्न हटकून विचारते : हे कोणाच्या पापाने झाले? कोणता देव कोपला? हा प्रश्न केवळ खेडवळ माणसाचा आहे असे समजण्याचे कारण नाही. यरुशलेमेत सिलोआमचा बुरूज कोसळून अठरा माणसे दगावली, तेव्हा लोकांच्या मनात हेच आले होते. ती माणसे इतरांपेक्षा अधिक पापी होती काय, असा प्रश्न प्रभू येशूने स्वतःच उपस्थित केला आणि स्वच्छ नकारार्थी उत्तर दिले, हे संत लूकने नोंदविले आहे. बुरूज पडला म्हणून मेलेल्यांना दोषी ठरविण्यास त्याने नकार दिला.

हा प्रश्न येथे काढण्याचे कारण असे की, मुली देवाला सोडण्याच्या चालीचे मूळ ह्याच भीतीत आहे. किल्लारीच्या पश्चिमेस तुळजापूर, नैर्ऋत्येस नळदुर्ग-अणदूरचा खंडोबा, ईशान्येस नांदेड जिल्ह्यातील माळेगावची खंडोबाची प्रसिद्ध यात्रा. आणि खाली कर्नाटकात सौंदत्तीची यल्लम्मा. हा सारा मुलूख यात्रेकरूंचा आहे. लाखो साधी माणसे येथे श्रद्धेने जातात, भंडारा कपाळी लावतात, घरी परततात. त्यांच्या भक्तीविषयी आम्हांस अनादर नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. दुष्काळ पडला, पटकी आली, पोर जगेना, मुलगा होईना, अशा घडीला एखादा बाप देवापुढे हात जोडून म्हणे : हे संकट टळू दे, माझी मुलगी तुला सोडीन. संकट टळे किंवा न टळे. नवस मात्र फेडावा लागे, आणि तो फेडला जाई त्या मुलीच्या जन्माने.

मुरळी आणि जोगतीण

जेजुरीच्या खंडोबाला वाहिलेल्या मुलीला मुरळी म्हणत. अंगाला हळद लावून, गळ्यात कवड्यांचा गाठा घालून, भंडारा उधळून तिचे देवाशी लग्न लावीत. पुढे ती वाघ्यांबरोबर जागरणात उभी राही. वाघ्याच्या हाती डिमडी, जोडीला तुणतुणे, आणि मुरळीच्या हाती घाटी. यल्लम्माला सोडलेल्या मुलीच्या गळ्यात तांबड्या-पांढऱ्या मण्यांचे ‘दर्शन’ बांधीत. डोक्यावर देवीचा ‘जग’ आणि हातात परडी घेऊन ती दारोदार जोगवा मागे. तिच्या वर्षात दोन पौर्णिमा विशेष. मार्गशीर्षातल्या ‘रांडाव पुनवे’ला जमदग्नी मारला गेला म्हणून तिच्या हातच्या बांगड्या फुटत आणि माघातल्या ‘अहेव पुनवे’ला ती पुन्हा सवाष्ण होई. नवरा नाही, आणि तरी दर साली वैधव्य आहे, अशी ही विलक्षण स्थिती.

देव नवरा झाल्यावर माणसाशी लग्न करता येत नसे. पण तरुण, एकटी, जोगव्यावर जगणारी बाई गावच्या धनदांडग्यांच्या नजरेतून कशी सुटावी? यथाकाळ ती एखाद्याची ठेवलेली होई. मूल होई. बाप नामानिराळा राही. ह्यातल्या पुष्कळ जणींचा शेवट मुंबईच्या कामाठीपुऱ्यात होई. ह्या मुली बहुतेक करून अस्पृश्य मानल्या गेलेल्या आणि अन्य गरीब जातींतून येत, हेही विसरता कामा नये. वतनदाराची लेक मुरळी झाल्याचे कोणी ऐकले आहे काय?

आईबाप दुष्ट होते म्हणून असे करीत, हे म्हणणे सोपे आहे. पण ते पुरते खरे नाही. ज्या घरी मुलगा नाही तेथे एका मुलीला देवीला सोडले की ती माहेरीच राही, म्हातारपणी आईबापांना पोशी, मुलाप्रमाणे घर चालवी. मुलीच्या केसांत जट आली की देवीने तिला मागितले, असा समज होता. म्हणजे भीती होती, आणि भीतीच्या जोडीला पोटाचा हिशेबही होता.

अशी एखादी वीस-बावीस वर्षांची आई मनात म्हणे, माझे झाले ते झाले, ह्या लेकीचे तरी होऊ नये. तेव्हा तिला तीन दोर आडवे येत. पहिला भीतीचा, दुसरा भाकरीचा आणि तिसरा नावाचा. देवी कोपेल ही भीती. बाहेर पडून खायचे काय ही भाकरी. आणि पोराच्या नावापुढे कोणाचे नाव लावायचे, हा तिसरा व सर्वांत चिवट दोर. हे दोर एकेक करून कसे तुटले, ते आता पाहू.

भीती आणि भाकरी

जट हे देवीचे बोलावणे आहे असे एकदा मानले की तिला कात्री लावण्याचे धैर्य कोणालाच होत नाही. वस्तुतः केस न धुतल्याने, न विंचरल्याने, त्यांत तेल-धूळ साचल्याने गुंता होतो आणि तो वाढत जातो. इतकी साधी गोष्ट सांगायला आणि ती जट प्रत्यक्ष कापून दाखवायला माणसे लागली. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ साली स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी हे काम गावोगाव केले. जट कापली, देवी कोपली नाही, बाईची मान मोकळी झाली. हे शेजारणीने पाहिले की तिचीही भीती उतरे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांची हत्या झाली. अघोरी प्रथांविरुद्धच्या ज्या कायद्यासाठी ते झटले, तो त्याच वर्षी झाला. किल्लारीच्या भिंती दगडमातीच्या होत्या म्हणून पडल्या, आणि केसांत गुंता झाला म्हणून जट आली; दोहोंची कारणे ह्याच भूमीवर आहेत. ती शोधल्याने श्रद्धेला बाध येत नाही. उलट, देवाच्या माथी न केलेला गुन्हा मारण्याचे पाप टळते.

भाकरीचा दोर तोडण्याचे काम त्याहून जुने आहे. महात्मा जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसलेल्या विधवांनी येथे येऊन गुपचूप बाळंत व्हावे, मूल मारू नये, हा त्यांचा उघड निरोप होता. अशाच एका विधवेच्या मुलाला, यशवंताला, त्या दांपत्याने दत्तक घेतले. ज्या आईला उभ्या गावात दार नव्हते, तिला एक दार मिळाले.

पंडिता रमाबाईंना तर ही गोष्ट अनुभवाची होती. १८८२ साली पती वारले तेव्हा त्या चोवीस वर्षांच्याही नव्हत्या आणि कडेवर मनोरमा होती. तरुण विधवा आईचे हाल त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाहीत. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदासदन काढले. पुढे दुष्काळात उद्ध्वस्त झालेल्या मुलींसाठी केडगावचे मुक्तिमिशन उभे राहिले आणि तेथेच, समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन. छापखाना, शेती, विणकाम, शिवणकाम. बाई हाताने कमावती झाल्यावाचून तिची सुटका टिकत नाही, हे रमाबाईंनी ओळखले होते. त्या कॅथलिक नव्हत्या, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहेच. पण सुवार्तेचे हे आचरण आपण शिरी धरावे इतके मोलाचे आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १६ जून १९३६ रोजी मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये वाघ्या, मुरळी, जोगतिणी यांची सभा घेतली आणि हे जिणे सोडून देण्याचे त्यांना निक्षून सांगितले. जगायचे कसे, हा प्रश्न त्यांच्यापुढे होताच. पण कष्टाचे गरीब जीवन त्या विटंबनेपेक्षा लाखपटीने बरे, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. तेव्हाच्या हैदराबाद संस्थानात भाग्यरेड्डी वर्मा यांनी जोगिणी प्रथेविरुद्ध लोकांना जागे केले. पुढे १९७५ नंतर गडहिंग्लज आणि निपाणीकडे देवदासी निर्मूलनाच्या परिषदा भरू लागल्या. राजन गवस यांच्या कादंबऱ्या ह्याच भागातून आणि ह्याच चळवळीच्या सान्निध्यातून आल्या. कादंबरी आणि चळवळ यांनी एकमेकींना हात दिला, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

नावाचा दोर

पुण्यात शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली ‘सोमवंशीय मित्र’ हे मासिक सुरू केले. अस्पृश्य समाजाचे हे पत्र. मुरळ्यांनी हे जीवन सोडावे आणि तरुणांनी त्यांच्याशी विवाह करण्यास पुढे यावे, असे आवाहन त्यातून कांबळ्यांनी केले. त्याला शिवूबाई लक्ष्मण जाधव ह्या मुरळीने पत्राने उत्तर दिले. पत्र छापून आले. गणपतराव हणमंतराव गायकवाड ह्या कार्यकर्त्याने तिच्याशी रीतसर विवाह केला. १९०९ च्या सुमाराची ही गोष्ट. आज आपल्याला ती लहान वाटेल. परंतु जिचे लग्न देवाशी लागले आहे असे सारा गाव मानतो, तिने मासिकात स्वतःच्या नावाने पत्र लिहावे आणि एका पुरुषाने चारचौघांत तिचा हात धरावा, ह्याला केवढे धैर्य लागले असेल! महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनीही त्याच काळात मुरळी-प्रतिबंधाचा प्रश्न हाती घेतला होता.

कायदा मागून आला. अल्पवयीन मुलीला वेश्याव्यवसायासाठी देणे-घेणे हा १८६० च्या भारतीय दंडसंहितेने गुन्हा ठरविला होता. पण देवाला वाहणे म्हणजे तसे देणे, हे सिद्ध करणे कठीण जाई. १९३४ साली मुंबई इलाख्यात देवदासी संरक्षण कायदा झाला. मुलगी देवाला वाहणे त्याने बेकायदा ठरविलेच. पण आमच्या मते त्याचे खरे मोल दुसऱ्या तरतुदीत आहे. देवाला वाहिलेल्या स्त्रीने विवाह केल्यास तो वैध आणि तिची मुले औरस, असे त्या कायद्याने सांगितले. शिवूबाईने पंचवीस वर्षे आधी जे करून दाखविले, त्यावर सरकारने शिक्का मारला.

हा शिक्का किल्लारीपर्यंत मात्र पोहोचला नाही. जेजुरी मुंबई इलाख्यात होती. किल्लारीचा सारा मुलूख निजामाच्या राज्यात होता. मुंबईचा कायदा त्या सीमेवर थांबला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा निजामी राजवटीतून मुक्त झाला, १९५६ साली मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. एकच भाषा, एकच खंडोबा, एकच गाठा. पण तो गळ्यातून काढणाऱ्या आईला सीमेच्या एका बाजूला कायद्याचा आधार होता आणि दुसऱ्या बाजूला नव्हता. शेजारच्या कर्नाटकाने १९८२ साली आणि आंध्र प्रदेशाने १९८८ साली नवे कायदे केले. महाराष्ट्राचा देवदासी प्रथा निर्मूलनाचा कायदा व्हायला २००५ साल उजाडले.

पोराच्या नावाचा प्रश्न कायद्याच्या पुस्तकात सुटला तरी शाळेच्या दाखल्यावर सुटत नाही. गोव्यात देवळांशी बांधलेल्या कलावंत समाजात ‘शेंस’ विधीने मुलगी देवाला वाहत. त्याविरुद्ध आयुष्यभर झगडलेले राजाराम पैंगीणकर यांनी आपल्या आत्मचरित्राला नाव दिले ते ‘मी कोण?’. ह्या दोन शब्दांत त्या समाजातल्या प्रत्येक मुलाचा प्रश्न सामावला आहे. १९९४ साली डॉ. किशोर शांताबाई काळे यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’ प्रसिद्ध झाले. तेथे देवाचे बंधन नव्हते, तमाशाच्या फडाचे होते. पण दोर तेच. नाचगाण्यातून सुटून संसार मिळेल ह्या आशेने आई मराठवाड्यातल्या सोनपेठला गेली आणि पोर आजोळी मागे राहिले. त्या पोराने उपासतापास काढून डॉक्टरची पदवी मिळविली आणि बापाच्या नावाच्या जागी आईचे नाव लावले. २००७ साली त्यांचे अपघाती निधन झाले. ते मधले नाव मात्र वाचकांच्या स्मरणात कोरले गेले आहे.

आईचे नाव लावण्याला आपल्या देशात फार जुना आधार आहे. छांदोग्य उपनिषदातला सत्यकाम गुरूकडे जाण्याआधी आईला आपले गोत्र विचारतो. जबाला त्याला सांगते की तुझे गोत्र कोणते हे मला ठाऊक नाही, तू माझ्या नावाने स्वतःची ओळख दे. गुरूने त्या सत्य बोलणाऱ्या मुलाला जवळ केले. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायदेसंहितेतही, अविवाहित आईच्या बालकाला स्नानसंस्कार देताना तिची इच्छा असल्यास नोंदवहीत आईचे नाव लिहावे, अशी तरतूद ८७७ व्या कलमात आहे. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ६ जुलै २०१५ रोजी अविवाहित आईला बापाचे नाव उघड न करता मुलाचे पालकत्व मिळू शकते, असा निकाल दिला. तो निकाल मागणारी आई ख्रिस्ती होती. आणि १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्र शासनाने आईचे नाव सक्तीचे केले आहे. शिवूबाईच्या पत्रापासून येथवर यायला एकशे पंधरा वर्षे लागली.

आपल्या घरातला इतिहास

हे सर्व वाचून ‘आपल्यात असे नाही’ असे म्हणण्याचा मोह आपल्या कुटुंबांना होईल. म्हणून आपल्या घरातला इतिहासही सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

पवित्र बायबलमध्ये शास्त्यांच्या पुस्तकात इफ्ताहची कथा आहे. युद्ध जिंकल्यास घरातून जो प्रथम सामोरा येईल त्याला अर्पण करीन, असा नवस तो बोलला. सामोरी आली ती नाचत-गात येणारी त्याची एकुलती लेक. नवस बापाचा होता. मेली ती लेक. ह्या कथेची स्तुती करावी असे तिच्यात काही नाही. ती आपल्याला धडकी भरावी म्हणून तेथे आहे, असे आम्हांस वाटते.

प्राचीन युरोपात आईबाप लहान मुलांना मठात अर्पण करीत. ६३३ साली तोलेदोच्या धर्मसभेने तर असा निर्णय दिला की, बापाच्या भक्तीने वाहिलेला मुलगाही आजन्म संन्यासीच. नवव्या शतकात गॉटशॉक नावाच्या तरुणाने ह्याविरुद्ध तक्रार केली. मला बालपणी फुल्डाच्या मठात दिले, माझी संमती कोणी विचारली नाही, असे त्याचे म्हणणे होते. ८२९ साली माइन्झच्या धर्मसभेने त्याचे गाऱ्हाणे मान्य केले; त्याचे मठाधिपती मात्र बालार्पणाचे समर्थन करीत राहिले. शेवटी १५६३ साली त्रेंतच्या महासभेने सोळा वर्षे पूर्ण होण्याआधी व्रते घेण्यास बंदी केली आणि मुलीला बळजबरीने मठात घालणाऱ्यांस बहिष्काराची शिक्षा सांगितली.

आणि तरीही १५७५ साली मिलानमध्ये जन्मलेली मारियाना दे लेयवा ही सरदारकन्या बापाच्या मर्जीने मोंझाच्या मठात गेली. आई वारलेली, बापाचा डोळा मालमत्तेवर. त्रेंतचा निर्णय होऊन पाव शतक उलटले होते. मठात तिचे एका उमरावाशी संबंध आले आणि तिला मुलगी झाली. त्या प्रकरणातून खून घडले. १६०८ साली तिला कोठडीत चिणून ठेवण्याची शिक्षा झाली. ती चौदा वर्षांनी, १६२२ साली बाहेर आली आणि १६५० साली वारली. मान्झोनी ह्या थोर कॅथलिक लेखकाने १८२७ च्या आपल्या कादंबरीत तिची व्यथा लपविली नाही. खऱ्या श्रद्धावंताने आपल्या घरातला काळोख असाच उजेडात आणावा. आपल्या गवसांनी ‘चौंडकं’त जे केले, त्याची जात हीच.

मोंझाच्या त्या स्त्रीच्या अपराधांवर पांघरूण घालण्याचा आमचा हेतू नाही. पण कायदा झाला म्हणजे दार उघडले असे नाही, हे त्रेंतनंतरचे मोंझा आपल्याला सांगते आणि १९३४ नंतरची जेजुरीही तेच सांगते.

नवस कोणी फेडावा?

आज आपल्या धर्मग्रामात कोणी लेकीच्या गळ्यात कवड्या बांधीत नाही. पण आजारी बाळाच्या उशाशी बसून ‘हे वाचू दे, त्याला धर्मगुरू करीन’, ‘हिला सिस्टर करीन’ असे नवस आपल्याकडे बोलले जातात आणि पुढे त्या मुलांना वरचेवर आठवण करून दिली जाते. प्रेमापोटी बोललेला तो नवस असतो, हे आम्ही जाणतो. तथापि कायदेसंहितेचे ११९३ वे कलम अगदी स्पष्ट आहे : नवस हा स्वभावतः तो करणाऱ्यालाच बांधतो. ११९१ वे कलम सांगते की मोठ्या व अन्याय्य भीतीपोटी केलेला नवस रद्द होय. म्हणजे मुलाच्या वतीने आईबापांनी केलेल्या नवसाचे ओझे मुलावर नाही. सेमिनरीच्या वा मठाच्या दारात पाऊल ठेवणाऱ्याने स्वतःच्या पायांनी आत यावे आणि नको वाटल्यास ताठ मानेने घरी परतावे. त्याचे स्वागत करणे हे घराचे काम आहे. हन्नाने शमुवेलला प्रभूच्या घरी दिले हे खरे. पण प्रभूने हाक मारली तेव्हा उत्तर शमुवेलने स्वतः दिले, हेही खरे.

किल्लारीच्या भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथ्था यांनी भूकंपग्रस्त भागातील सुमारे १,२०० मुले शिक्षणासाठी पुण्याला नेली. वाघोलीला त्यांच्या शिक्षणाची सोय केली. त्या मुलांपैकी कोणी कोणत्या देवाला वाहिले गेले नाही. त्यांच्या हाती पाटी दिली गेली. जुन्या काळी संकट आले की लेकरू देवाला सोडीत. किल्लारीने दाखविले की संकट आले म्हणजे लेकरू शाळेत घालावे. देवाला ह्याहून प्रिय असा नवस आम्हांस तरी ठाऊक नाही.

आणि एखादी तरुण आई, कोणत्याही बंधनातून पोराला घेऊन सुटून, आपल्या दाराशी आली तर? हागार इश्माएलला घेऊन रानात भटकत होती, पाणी संपले होते, पोर झुडपाखाली टाकून ती दूर जाऊन बसली होती. तिला कोणी घालवून दिले, का घालवून दिले, ह्याची चर्चा देवदूताने केली नाही. देवाने तिला विहीर दाखविली. अशा आईला प्रथम पाणी द्यावे, मग हाताला काम द्यावे, पोराचे नाव शाळेत घालावे आणि नावापुढे तिचेच नाव लिहावे. बाकीचे प्रश्न विचारण्याची घाई आपल्याला नसावी.